गोव्याच्या दमट हवेत दोघांसाठी गादी निवडताना

गादीच्या दुकानात शिरलं की विक्रेता दोन गोष्टी विचारतो: बजेट किती, आणि मऊ हवी की कडक. गोव्यात राहणाऱ्याला त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे घर कुठं आहे? मिरामारला समुद्राच्या तोंडावर, डिचोलीतल्या चिऱ्याच्या जुन्या घरात तळमजल्याला, की पर्वरीला चौथ्या मजल्यावर वारा खेळणाऱ्या फ्लॅटमध्ये? या तिन्ही घरांना एकच गादी चालेल असं नाही. जून ते सप्टेंबर इथं साधारण ३००० मिलिमीटर पाऊस होतो, सत्तरी-सांगेकडे त्याहूनही जास्त, आणि जुलैत हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते ती याच हवेने, आणि तीच हवा गादीतही शिरते. वर दोन माणसांचा रात्रभराचा घाम.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी ओलीला तोंड देईल असा माल, मग दोघांच्या अंगाला मानवेल असा कडकपणा, आणि ब्रँड, रंग, वरच्या कापडाची नक्षी सगळ्यांत शेवटी. दोघांचं एका गादीवर जमत नसेल तर पलंग एक आणि गाद्या दोन, हे माझं ठाम मत. मधली काहीतरी गादी घेऊन दोघांनीही दहा वर्षं कुरकुरत झोपण्यात काय अर्थ आहे?

आधी टेप घ्या

पलंग असेल तर गादी जिथे बसते ती आतली बाजू मोजा. डोक्याकडे, मध्ये आणि पायाकडे अशी तीन ठिकाणी रुंदी घ्या, आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर पलंग तिरका आहे. जुन्या घरांतले शिसवी किंवा सागवानी पलंग सुताराने त्या वेळच्या मापाने केलेले असतात आणि त्यांना बाजारातलं तयार माप बहुधा बसत नाही. अशा पलंगाला फोम, काथ्या किंवा कापसाची गादी मापाने करून मिळते. स्प्रिंगची तशी सहज मिळत नाही. गादी आतल्या मापापेक्षा अर्धा इंच कमी ठेवा, नाहीतर चादर खोचताना बोटं सोलवटतात.

तयार गाद्यांची लांबी ७२, ७५ किंवा ७८ इंच असते. दोघांतल्या उंच माणसाच्या उंचीत सहा इंच मिळवा. पाच फूट दहा इंचांचा माणूस म्हणजे ७० इंच, त्याला ७६ लागतात, तेव्हा ७८ घ्या. रुंदीत ६० इंचांची गादी दुहेरी म्हणून विकली जाते, पण हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० इंच येतात, म्हणजे एकेरी गादीपेक्षा सहा इंच कमी. नव्या नवलाईत ते पुरतं. पुढे मध्ये एक मूल येऊन आडवं झोपायला लागलं की पुरत नाही. खोलीत जागा असेल तर ७२ इंच रुंद गादीच घ्या. दहा फुटी खोलीत ७२ इंचांचा पलंग मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. तेवढ्यात चालता येतं, पण कपाटाचं दार उघडतं का ते आधी पाहा.

आणि एक विसरली जाणारी गोष्ट, गादी आत येणार कशी? पणजी-मडगावच्या जुन्या घरांतला लाकडी जिना अरुंद असतो, वर वळण असतं. ७८ बाय ७२ ची स्प्रिंगची गादी वाकत नाही आणि जबरदस्तीने वाकवली तर आतल्या तारा कायमच्या मुरडतात. गुंडाळून येणारी फोमची गादी, किंवा दोन एकेरी गाद्या, असल्या जिन्यातून सहज वर जातात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर लिफ्टची तिरकी लांबी मोजून ठेवा.

दोघं नेमके कसे झोपता

स्वतःच्या झोपेबद्दल माणूस जे सांगतो ते बऱ्याचदा खरं नसतं, म्हणून एकमेकांना विचारा. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबरेचं हाड गादीत थोडं रुतावं लागतं, नाहीतर सकाळी हात बधिर असतो. त्याला वरचा थर मऊ हवा. उताणं झोपणाऱ्याला मध्यम चालते. पालथं झोपणाऱ्याची कंबर मऊ गादीत खाली जाते आणि पाठीला बाक येतो, म्हणून त्याला जरा कडक बरी.

यापेक्षाही महत्त्वाचा वजनातला फरक. एकाचं वजन ८५ किलो आणि दुसऱ्याचं ५२ असेल तर एकच गादी एकाला मऊ आणि दुसऱ्याला कडक वाटते. दोघंही खरंच सांगत असतात, तेव्हा त्यावरून वाद घालू नका. पण वजनदार माणसाच्या बाजूला खड्डा पडायला लागला की हलका माणूस झोपेत त्या उतारावर घसरतो आणि रात्रभर कडेला धरून राहण्याची धडपड करतो. वजनात २० किलोंहून जास्त फरक असेल तर गादीचा खालचा थर घट्ट असणं अत्यावश्यक.

मग उठण्या-झोपण्याच्या वेळा. गोव्यात कुणी हॉटेलात रात्रपाळी करतं, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जातं. एक पहाटे घरी येऊन आडवा होतो तेव्हा दुसऱ्याची गाढ झोप असते. अशा घरात गादी हलली की दुसऱ्याला कळतं का, हा कडकपणाइतकाच मोठा मुद्दा आहे.

कडक गादी म्हणजे पाठीला चांगली?

"पाठ दुखते ना, मग कडक गादी घ्या," हा सल्ला आपल्याकडे सासूबाईंपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे देतात. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक प्रयोग छापून आला. कंबरदुखी जुनी झालेल्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम-कडक गादी दिली, कुणाला कुठली मिळाली ते त्यांना सांगितलं नाही आणि ९० दिवसांनी तपासलं. मध्यम-कडक गादीवर झोपलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. तेव्हा दोघांपैकी कुणाची पाठ धरत असेल तर फळीसारखी गादी शोधू नका. पाठदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर.

'ऑर्थोपेडिक' हा गादीवरचा शब्द विक्रीचा आहे. त्याखाली काय भरलंय ते विचारल्याशिवाय त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका.

आत काय भरलंय

कापूस. पेडणे-सत्तरीकडच्या घरांत अजून कापसाच्या गाद्या आहेत आणि त्यांची टर उडवण्याचं कारण नाही. कापूस घाम शोषतो, गरम होत नाही, आणि बसला की पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेता येतो. अशी दुरुस्ती दुसऱ्या कुठल्याच गादीची होत नाही. पण जो गुण तोच दोष. साधारण कोरड्या हवेतही कापूस आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो, आणि आपल्या पावसाळ्यात त्याहून बरंच जास्त. ओला कापूस गोळा होतो, गाठी धरतो. दुहेरी कापसाची गादी तर एकट्याने उचलून उन्हात टाकणं अशक्य. कापूसच हवा असेल तर दोन एकेरी शिवून घ्या, टाके जवळ-जवळ घालायला सांगा, आणि मे महिन्यात व ऑक्टोबरात कडक ऊन दाखवायची तयारी ठेवा. गच्ची किंवा अंगण नसलेल्या फ्लॅटमध्ये कापसाच्या वाटेला जाऊ नये.

काथ्या. नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकात बांधून त्याचे थर करतात. हवा आरपार जाते, ओलीने कापसासारखा गोळा होत नाही, किंमतही आवाक्यात. तळमजल्याच्या जुन्या घराला मला हा पर्याय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्रुटी अशी की नुसता काथ्या कडक असतो, आणि काही वर्षांनी कंबरेखाली बसतो व पुन्हा वर येत नाही. रबर म्हातारं झालं की भुसाही गळतो. म्हणून खाली चार इंच काथ्या आणि वर दोन इंच चांगला फोम किंवा लॅटेक्स अशी जोडी घ्या. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी मिळाली तर तीच निवडा. दर तीन महिन्यांनी उलटली की बसणं कमी होतं.

पीयू फोम, म्हणजे पॉलियुरेथेनचा नेहमीचा फोम. बाजारातल्या बहुतेक गाद्यांचा पाया हाच. चांगला असतो आणि अगदी टाकाऊही असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चांगला-वाईट ओळखायचा कसा, ते पुढे सांगतो.

मेमरी फोम. अमेरिकेच्या 'नासा'साठी १९६० च्या दशकात तयार झालेला हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो. एक जण हलला तर दुसऱ्याला कळत नाही, हा त्याचा खरा मोठा गुण. पण तो उबेवर चालतो हे लक्षात घ्या. एप्रिल-मे महिन्यात, वीज गेलेल्या रात्री, तो जास्तच मऊ होतो, अंग रुततं आणि भोवती हवा फिरत नाही. वरच्या थरात 'जेल' घातलेली गादी पहिली काही मिनिटं गार लागते, नंतर तीही अंगाइतकीच तापते. रोज एसी लावून झोपत असाल तर घ्या. पंख्यावर झोपणाऱ्या जोडप्याने दोन इंचांहून जाड मेमरी फोम घेऊ नये.

लॅटेक्स. रबराच्या झाडाच्या चिकाचा फोम. लवचीक, दाबलं की लगेच वर येतो, हवेशीर भोकं असतात आणि इथल्या हवेत टिकतो. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत जड. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅटेक्समध्ये कृत्रिम रबर मिसळलेलं असू शकतं, तेव्हा प्रमाण बिलावर लिहून मागा. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पैसे असतील तर गोव्यात दोघांसाठी माझी पहिली पसंती ही: खाली काथ्या, वर दोन-तीन इंच लॅटेक्स.

स्प्रिंग. बॉनेल स्प्रिंगमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यामुळे एक जण कूस वळला की दुसरा हलतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडी पिशवीत वेगळी असते आणि ती हालचाल खूप कमी होते. पोकळ असल्याने आत हवा फिरते, उकाड्यात बरी वाटते. किनाऱ्याला लागून घर असेल, म्हणजे कळंगुट, कोलवा, मिरामार, तर खाऱ्या हवेने लोखंडाच्या ग्रिलचं काय होतं ते तुम्ही रोज बघता. तीच हवा स्प्रिंगपर्यंत पोचते. फोंडा, साखळी, केपे अशा आतल्या भागात पॉकेट स्प्रिंग बिनधास्त घ्या. समुद्रासमोर मी घेणार नाही.

वजनकाट्याची परीक्षा

फोम किती टिकेल हे मुख्यतः त्याच्या घनतेवर ठरतं. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची घनता. घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. २० घनतेचा फोमही कडक करता येतो, फक्त तो वर्षा-दोन वर्षांत बसतो. दोघांच्या रोजच्या वापराला पीयू फोम निदान ३२ घनतेचा असावा, जमल्यास ४०.

विक्रेता "हाय डेन्सिटी आहे" म्हणेल. आकडा विचारा. तो सांगता आला नाही तर स्वतः काढा. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत गुणा आणि ६१,००० ने भागा, म्हणजे घनमीटर मिळतात. ७८ बाय ७२ बाय ६ म्हणजे ३३,६९६, भागिले ६१,००० म्हणजे साधारण ०.५५ घनमीटर. गादी पूर्ण पीयू फोमची असेल तर ३२ घनतेला तिचं वजन १७-१८ किलो भरायला हवं, ४० घनतेला २२ किलो. वरच्या कापडाचं एक-दोन किलो वेगळं. कागदावर ४० लिहिलंय आणि गादी १४ किलोंची भरली तर पुढे बोलायची गरजच नाही. ऑनलाइन विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या वजन जाहिरातीतच देतात. हा हिशेब घरबसल्या होतो.

दोन ठिकाणी मात्र हा काटा फसतो. स्वस्त फोममध्ये भुकटी घालून वजन वाढवता येतं. असा फोम चिमटीत चुरल्यावर भुरभुरतो आणि दाबल्यावर सुस्तपणे वर येतो. दुसरं म्हणजे रिबॉन्डेड फोम. कापलेल्या फोमचे रंगीबेरंगी तुकडे चिकटवून हा करतात. त्याची घनता ८०-१०० असते, पण ते आकडे पीयू फोमच्या आकड्यांशी तोलायचे नसतात. खालच्या आधाराच्या थराला तो चालतो, वरच्या थराला नाही. गादीला चेन असेल तर उघडून पाहा. चेन नसेल तर दुकानदाराकडे आतला कापलेला नमुना मागा, चांगल्या दुकानात असतो.

भारतीय मानक ब्युरोची घरगुती गाद्यांच्या पीयू फोमसाठी आयएस ७९३३, रबरी काथ्यासाठी आयएस ८३९१ आणि लॅटेक्स फोमसाठी आयएस १७४१ अशी मानकं आहेत. लेबलावर यातलं काही दिसलं तर बरं.

दुकानात झोपायला लाजू नका

गादी हाताने दाबून निवडणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. दोघांनी एकत्र जा, चपला काढा, आणि नेहमी झोपता त्याच बाजूला, त्याच स्थितीत, निदान पंधरा मिनिटं पडून राहा. घरची उशी पिशवीत घालून न्या, कारण दुकानातल्या फुगीर उशीने मानेचा सगळा अंदाज चुकतो. प्लॅस्टिकचं आवरण असेल तर काढायला सांगा.

उताणं पडून कमरेखाली हात सरकवा. हात मोकळा आरपार गेला तर गादी कडक, मुळीच शिरत नसेल तर मऊ, थोडा अडत गेला तर ठीक. कुशीवर झोपा आणि जोडीदाराला मागून पाहायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचा कणा सरळ दिसायला हवा. मग एकाने डोळे मिटून पडावं आणि दुसऱ्याने कूस वळावी, उठावं, पुन्हा बसावं. शेवटी दोघांनी आपापल्या कडेला बसून पाहा. कड फार दबत असेल तर प्रत्यक्षात झोपायची रुंदी तीन-चार इंचांनी कमी होते, आणि गुडघे दुखणाऱ्याला उठतानाही आधार मिळत नाही.

"साहेब, सेल आज संध्याकाळपर्यंतच आहे." असेलही. चतुर्थी, दिवाळी, नवं वर्ष, सेल येतच राहतात.

पलंग एक, गाद्या दोन

७८ बाय ३६ च्या दोन गाद्या शेजारी ठेवल्या की ७८ बाय ७२ होतात, म्हणजे मोठ्या पलंगाचंच माप. जाडी मात्र दोन्हींची अगदी सारखी हवी, नाहीतर मध्ये पायरी तयार होते. एकाची काथ्यावर लॅटेक्स, दुसऱ्याची पॉकेट स्प्रिंग, असं बिनदिक्कत करता येतं. ८५ किलोंच्या माणसाची गादी आधी बसली तर तेवढीच बदला. शिवाय पावसाळ्यात अर्धी गादी एकटी बाईसुद्धा उभी करून वाळवू शकते, आणि पाहुणे आले की एक खाली घालता येते.

मधल्या फटीचा त्रास होतोच. त्यावर तीन उपाय: पलंगाच्या दोन्ही कडांना गादी घट्ट बसेल असं माप, दोन्ही गाद्यांना खालून बांधणारा रुंद पट्टा, आणि वर ७२ इंच रुंदीचा एक-दीड इंचाचा एकसंध थर. सुती गोधडी घातली तरी बऱ्याच अंशी भागतं. नवऱ्या-बायकोच्या गाद्या वेगळ्या म्हटल्यावर काही घरांत भुवया उंचावतात. एकच मोठी चादर घातली की कुणाला दिसतही नाही.

तान्हं बाळ असेल तर त्याला या मऊ थरावर किंवा फटीजवळ झोपवू नका. त्याला वेगळी, सपाट आणि घट्ट जागाच हवी.

जाडी, चादर आणि मच्छरदाणी

दहा-बारा इंचांची गादी हॉटेलात छान दिसते. घरी तिचे तीन त्रास. जुना पलंग आधीच उंच असेल तर वर चढावं लागतं. बसल्यावर तळपाय जमिनीला टेकायला हवेत, त्यासाठी गादीसकट उंची २० ते २४ इंचांत ठेवा. दुसरं, आपल्याकडची नेहमीची दुहेरी चादर ९० बाय १०० इंचांची असते. ७२ इंच रुंदीच्या, सहा इंच जाडीच्या गादीला दोन्ही बाजू झाकायला ८४ इंच लागतात, म्हणजे खोचायला तीन-तीन इंच उरतात. आठ इंची गादीला ८८, उरला एकेक इंच. दहा इंचीला चादर पुरतच नाही, मग सगळ्या चादरी नव्या घ्या. तिसरी मच्छरदाणी. पावसाळ्यात ती रोज गादीखाली खोचायची आणि जाड, जड गादीचे चार कोपरे रोज रात्री उचलायचे, हे कुणी महिनाभरही करत नाही.

माझ्या मते बहुतेक जोडप्यांना सहा इंच पुरतात, वजन जास्त असेल तर आठ. जाडीवरचे पैसे घनतेवर घाला.

गादीच्या खाली काय आहे

बुरशी बहुधा खालून सुरू होते, म्हणून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. अंगाची ऊब आणि घामाची वाफ गादीतून खाली उतरते, खाली सलग प्लायवूड लागलं की तिथेच अडकते. पलंग पट्ट्यांचा असेल तर उत्तम. दोन पट्ट्यांमधलं अंतर अडीच-तीन इंचांहून जास्त नको, नाहीतर फोम त्यात उतरतो. प्लायवूड असेल तर सुताराला सांगून एक इंचाची भोकं सहा-सहा इंचांवर पाडून घ्या. तासाभराचं काम आहे आणि गादीचं आयुष्य वाढतं. खाली सामान ठेवायचा पेटी-पलंग इथल्या हवेत अडचणीचाच. असेलच तर त्यात कपडे गच्च कोंबू नका आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडा ठेवा. चिऱ्याच्या भिंती ओल खेचतात, पलंग भिंतीपासून चार-सहा इंच सरकवून ठेवा. नुसत्या जमिनीवर गादी घालणं पावसाळ्यात अजिबात नको.

बिल, वॉरंटी, ऑनलाइन

बिलावर माप, जाडी, प्रत्येक थराचा माल आणि घनता लिहून घ्या. 'गादी १ नग' असं बिल भांडायला उपयोगी नाही. 'दहा वर्षं वॉरंटी' वाचली की दोन ओळी शोधा: किती खोल खड्डा पडला तर ती लागू होते, आणि डाग असेल तर काय. बऱ्याच कंपन्या एक किंवा दीड इंचाहून कमी खड्डा धरत नाहीत, आणि डाग पडलेली गादी परत घेत नाहीत. काही ठिकाणी नव्या गादीच्या किमतीचा हिस्सा वर्षांप्रमाणे तुमच्याकडून घेतात.

ऑनलाइन कंपन्या १०० रात्रींची चाचणी देतात ती सोय खरंच चांगली. पण गादी परत न्यायला तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, हे मागवण्याआधी लेखी विचारा. काणकोण किंवा वाळपईच्या आतल्या गावात डिलिव्हरी होते म्हणजे परतीची गाडीही येते, असं गृहीत धरू नका. चाचणी संपेपर्यंत गादीवर संरक्षक आवरण घाला. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

हॉटेल बंद झालं, गाद्या स्वस्तात मिळताहेत, असं कुणी सांगितलं तर हात जोडा. ढेकूण एकदा घरात आले की पलंग, कपाट, भिंतीची फट, कुठेही घर करतात.

कधी घ्यावी आणि पहिला पावसाळा कसा काढावा

तुळशीच्या लग्नानंतर ते मार्चपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. नव्या फोमला वास असतो, तो जायला खिडक्या उघड्या ठेवून एक-दोन दिवस लागतात. गुंडाळून आलेल्या गादीला पूर्ण फुलायलाही तेवढा वेळ द्या. जुलैत हे जमत नाही, आणि टेम्पोतून उतरवतानाच सर आली तर संपलं.

आल्यावर पहिलं काम, कारखान्याचं प्लॅस्टिक काढून टाका. "राहू दे ना, स्वच्छ राहील" म्हणत वर्षभर ते ठेवणारी घरं कमी नाहीत. त्याखाली वाफ कोंडते आणि गादी आतून कुजते. रेक्झिनच्या आवरणाचंही तेच. सुती कापडामागे वाफ जाऊ देणारा पातळ जलरोधक पडदा असलेलं आवरण मिळतं, ते घ्या. महिन्यातून एकदा ते धुता यायला हवं. धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेत वाढतात आणि शिंका-दम्याचा त्रास वाढवतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की ते मरतात.

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर लगेच बिछाना झाकू नका, तासभर उघडा ठेवून पंखा चालू ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा गादी कडेवर उभी करून दोन-तीन तास पंख्याचा वारा खालच्या बाजूला लागू द्या. एसीला 'ड्राय' मोड असेल तर तोही वापरा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, खोलीतला आकडा ६० टक्क्यांच्या खाली आणता आला तर बुरशीची काळजी उरत नाही. कापसाला कडक ऊन चांगलं. फोम, लॅटेक्स आणि रबरात बांधलेल्या काथ्याला उन्हात घालू नका, फोम पिवळा पडतो आणि रबर चुरायला लागतं, त्यांना सावलीतला वारा द्या. डोक्याची बाजू पायाकडे, हा फेर दर तीन महिन्यांनी.

कापडावर बुरशीचा ठिपका दिसला तर गादी अंगणात किंवा बाल्कनीत नेऊन तोंडाला फडकं बांधून कोरड्या ब्रशने झाडा, सौम्य साबणाच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळवा. फोम भिजवायचा नाही. वास आतून येत असेल तर त्या गादीवर अत्तर-फवारे मारण्यात हशील नाही, ती काढायची वेळ झाली.

जुनी गादी कापसाची असेल तर चांगला कापूस निवडून उशा भरून घ्या. फोमची असेल तर नवी आणणाऱ्या टेम्पोवाल्याशीच जुनी नेण्याचं आधी ठरवा, किंवा पंचायतीत, पालिकेत मोठा कचरा उचलायचा दिवस विचारून त्याच सकाळी बाहेर काढा. आदल्या रात्री रस्त्याकडेला ठेवली आणि पाऊस पडला, तर भिजून इतकी जड होते की ती उचलायला कुणी तयार होत नाही.